टाळ कुठे गेले? अर्थात अँप्लिफायर-स्पीकरची सोयरीक

होस्टेलमध्ये ईएनटीसीच्या पोराकडे दोन प्रकारचे पेशंट येतात. पहिला म्हणजे चार्ज न होणारा मोबाईल. दुसरा म्हणजे "जरा बघ ना रे, आवाज फाटतोय" असं म्हणत काखोटीला मारून आणलेला स्पीकर. मोबाईलचं मला फारसं कळत नाही. स्पीकरचं मात्र थोडंफार कळतं, कारण दोन चांगले स्पीकर मी स्वतःच्या हाताने मारलेले आहेत. हा लेख म्हणजे त्यांचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट समजा.

आमचं घर सिल्लोडला. घरात एका जुन्या म्युझिक सिस्टीमची दोन लाकडी खोकी होती. मागे छापलेलं, "८ ओहम, ५० वॅट". सिस्टीमचा मेन सेट कधीच बंद पडला होता, पण अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) खोकी टाकू दिली नाहीत. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक तयार स्टिरिओ बोर्ड आणला, टीडीए २०३० जातीच्या दोन आयसींचा. त्याला ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा आणि ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं. दुकानदार म्हणाला होता, "चाळीस अधिक चाळीस वॅट आहे, बिनधास्त वाजव." अण्णांचा दिवस पहाटे प्रल्हाद शिंदेंच्या भजनांनी सुरू होतो. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी ती खोक्यांतून वाजली, आणि आपला मुलगा इंजिनिअर होणार याची अण्णांना खात्री पटली.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचा साखरपुडा अंगणातच ठरला. माझ्या मामांचा मंडप आणि साऊंडचा धंदा. लग्नसराई असल्यामुळे त्यांचा मोठा सेट दुसरीकडे गेला होता. ते म्हणाले, "एक भोंगा अन् छोटा अँप देतो, लावून घे." मी म्हणालो, "मामा, साखरपुड्याला भोंगा? लोक काय म्हणतील! आपला सेट आहे ना." मामा काही बोलले नाहीत.

दोनशे माणसं जमली. आवाज पुरेना, म्हणून मी व्हॉल्यूम वाढवत गेलो, शेवटी नॉब टोकाला टेकला. आवाज चरचरायला लागला, पण लोकांना ऐकू तर जात होतं! तासाभराने तो थोडा मवाळ झाल्यासारखा वाटला. मला वाटलं, कान सरावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी भजन लावलं आणि विचारलं, "काय रे, टाळ कुठे गेले?"

मी मल्टीमीटर आणून दोन्ही खोक्यांच्या टर्मिनलवर लावला. ६.३ ओहम आणि ६.४ ओहम. "स्पीकर एकदम ओके आहेत अण्णा. रेकॉर्डिंग जुनं आहे, तसंच असेल." अण्णांनी मान हलवली. इंजिनिअर मुलगा सांगतोय म्हटल्यावर दुसरं काय करणार?

दीड वर्षाने, पाचव्या सेमच्या व्हायवात सरांनी विचारलं, "बारा वॅटचा अँप्लिफायर पन्नास वॅटचा स्पीकर जाळू शकतो का?" मी छातीठोकपणे "नाही सर" म्हणालो. सर हसले आणि म्हणाले, "घरी जाऊन विचार कर." घरी म्हटल्यावर मला ते टाळ आठवले.

तर ही सोयरीक नेमकी कुठे फिसकटली, ते एकेक मुद्दा घेऊन बघू.

१. वॅट : पत्रिकेतला सर्वांत खोटा रकाना

माझा ट्रान्सफॉर्मर होता १२-०-१२, २ अँपिअर. रेक्टिफायर आणि कपॅसिटरनंतर साधारण अधिक-उणे १६ व्होल्ट डीसी मिळतात (१२ गुणिले १.४१४, वजा डायोडचा ड्रॉप). त्यातले दोनेक व्होल्ट आयसी स्वतः खाते. म्हणजे स्पीकरपर्यंत जास्तीत जास्त १४ व्होल्टची पीक पोचणार. ८ ओहमवर त्याची पॉवर किती?

पॉवर = (पीक व्होल्टेजचा वर्ग) ÷ (२ × ओहम) = १९६ ÷ १६ = १२ वॅट.

चाळीस नाही, बारा! उलट्या बाजूने तपासा. ट्रान्सफॉर्मर देऊ शकतो २४ × २ = ४८ व्हीए. क्लास बी अँप्लिफायरची कार्यक्षमता थिअरीतसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही. मग ८० वॅट येणार कुठून? एनर्जी कॉन्झर्व्हेशन बाजारातही लागू आहे.

होस्टेलवरच्या डब्यांवर तर "१००० वॅट पीएमपीओ" वगैरे लिहिलेलं असतं. पीएमपीओला सर्वमान्य व्याख्याच नाही, ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर क्षणभर जास्त पॉवर मिळते हे खरं, पण गाणं क्षणभर वाजत नाही. तुमच्या सेटचा अडॅप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर आत जाणारी पॉवरच २४ वॅट. बाहेर किती येणार ते तुम्हीच ठरवा. ही थापेबाजी फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेतही कंपन्या असेच आकडे फुगवत, म्हणून १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती अँप्लिफायरची पॉवर कशी मोजायची आणि कशी छापायची याचा नियम करावा लागला.

पाच चॅनलचे एव्ही रिसीव्हर घेणाऱ्यांनीही हेच बघावं. "१०० वॅट प्रति चॅनल" हा आकडा किती चॅनल एकावेळी चालवून, किती ओहमवर आणि किती टक्के डिस्टॉर्शनला मोजला, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. १० टक्के डिस्टॉर्शनचे १०० वॅट म्हणजे चरचरणारे १०० वॅट. पाचही चॅनल एकदम चालवले की पॉवर सप्लाय एकच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं.

आता स्पीकरवरचे "५० वॅट". ते तो देणार नाही, फार तर सहन करेल. स्पीकर वॅट निर्माण करत नाही. त्यामुळे "५० वॅटचा स्पीकर १२ वॅटच्यापेक्षा मोठ्याने वाजतो" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य डोक्यातून काढून टाका.

२. ओहम : इथे गुण जुळलेच पाहिजेत

वॅटमध्ये थोडं इकडेतिकडे चालतं. ओहममध्ये चालत नाही, निदान एका दिशेने तरी नाही. व्होल्टेज तेच ठेवून ओहम निम्मे केले की करंट दुप्पट होतो. माझ्या १४ व्होल्ट पीकला ८ ओहमचा स्पीकर १.७५ अँपिअर ओढतो, ४ ओहमचा ३.५ अँपिअर, २ ओहमचा ७ अँपिअर. टीडीए २०३० ची करंटची मर्यादा ३.५ अँपिअर आहे. म्हणजे ४ ओहमला ती काठावर उभी असते आणि २ ओहमला काठावरून खाली पडते.

आमच्या विंगमधल्या एका मित्राने "आवाज चौपट होईल" म्हणून एकाच चॅनलवर ८ ओहमचे चार स्पीकर पॅरलल जोडले. ८ भागिले ४, म्हणजे २ ओहम. आयसीमध्ये प्रोटेक्शन होतं म्हणून ती मेली नाही. दोन मिनिटं वाजायची, तापून बंद व्हायची, गार होऊन पुन्हा वाजायची. मित्राचं मत, "ब्लूटूथ वीक आहे." चार स्पीकर लावायचेच असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये घ्या (१६ ओहम) आणि त्या दोन जोड्या पॅरलल करा, पुन्हा ८ ओहम मिळतात. रिसीव्हरच्या मागे "ए" आणि "बी" अशा दोन जोड्यांची टर्मिनल्स असतात तिथेही हाच हिशोब करा. बहुतेक सेटमध्ये दोन्ही चालू केल्या की त्या पॅरलल होतात.

ओहम जास्त असतील तर धोका नाही, फक्त पॉवर कमी मिळते. जास्त ओहमचा स्पीकर कमी ओहमच्या अँपला चालतो. उलटं करताना मात्र आधी मॅन्युअल वाचा.

आणखी एक गंमत. ८ ओहमच्या स्पीकरला मल्टीमीटर ६ च्या आसपास दाखवतो, कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, ८ हा नाममात्र आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमवाला ६.४ च्या खाली नको. हा मीटरचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्यानेच माझा मामा केला.

३. डेसिबल : ज्याच्याकडे कोणी बघतच नाही

स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. माझ्या खोक्यांवर तो छापलेला नव्हता. अशा घरगुती खोक्यांचा ८६ ते ९० असतो म्हणून ८८ धरतो. तीन नियम पाठ करा. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. पॉवर दहापट केली की १० डेसिबल, आणि कानाला तेव्हा कुठे आवाज साधारण दुप्पट वाटतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी.

आता आमची खोली घ्या. दहा बाय बारा, अण्णा तीन मीटरवर. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल गेले, दुसऱ्या स्पीकरचे ३ मिळाले, भिंतींनी थोडे परत दिले. १ वॅटला अण्णांच्या कानाशी ८२ तरी येतात. भजनाचा सर्वांत मोठा ठोका ९० डेसिबलचा धरला तर हवेत आणखी ८ डेसिबल, म्हणजे प्रत्येक चॅनलला साडेसहा वॅट. माझा बारा वॅटचा अँप खोलीसाठी भरपूर होता! दिवाळीतली सोयरीक उत्तम जमली होती.

आणि साखरपुडा? अंगण मोकळं, मागची माणसं सहा मीटरवर. अंतराचे साडेपंधरा डेसिबल गेले, दुसऱ्या स्पीकरचे ३ आले, भिंतींचं काही नाही. १ वॅटला उरले ७५. दोनशे माणसांचं बोलणंच तेवढं असतं. त्याच्यावर गाणं ऐकू जायचं तर ठोक्याला ९५ तरी हवेत, म्हणजे २० डेसिबल जास्त. हिशोब आला १०० वॅट प्रति चॅनल. माझ्याकडे होते बारा, आणि खोकी सोसणारी पन्नास. म्हणजे मोठा अँप आणला असता तरी खोकी जळालीच असती. कामच त्या जोडीचं नव्हतं.

आता मामांचा भोंगा घ्या. हॉर्न स्पीकरची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबलच्या आसपास असते. त्यातून साडेपंधरा वजा, उरले साडे-एकोणनव्वद. ९५ साठी हवेत साडेपाच डेसिबल, म्हणजे साडेतीन वॅट! मी ज्याला नाकं मुरडली तो भोंगा साडेतीन वॅटमध्ये अंगण भरून टाकणार होता. भोंग्यात गाणं गोड लागत नाही हे खरं, पण त्या दिवशी माझ्या सेटवर तरी कुठे लागत होतं?

४. क्लिपिंग : बारा वॅटने पन्नास वॅट कसे जाळले

आता सरांच्या प्रश्नाकडे येऊ. अँप्लिफायर आपल्या सप्लायच्या वर जाऊ शकत नाही. नॉब फिरवत राहिलो की साईन वेव्हचे डोके छाटले जातात आणि वेव्ह चौकोनी व्हायला लागते. पूर्ण चौकोनी झाली तर पॉवर = १९६ ÷ ८ = २४.५ वॅट. तीच पीक, पण पॉवर दुप्पट. सप्लाय दबतो म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी, पण "१२ वॅटचा अँप १२ वॅटच देतो" हे इथे संपलं.

तरीही पन्नासपेक्षा कमीच ना? हो, पण ५० वॅट संपूर्ण खोक्याचे आहेत, आणि तेही नेहमीच्या संगीताचे. नेहमीच्या संगीतात बहुतेक पॉवर खालच्या सुरांत असते, ती वूफर घेतो. ट्विटरची कॉइल केसासारख्या तारेची, तिच्या वाट्याला थोडेसेच वॅट येतील असं धरून ती बनवलेली असते. नॉब टोकाला गेला की ढोलकीचा ठोका आधीच छतावर आपटलेला असतो, तो आणखी वाढत नाही. पण टाळ, शिट्टी, शब्दांतले "स" आणि "श" मात्र वाढतच राहतात, शिवाय छाटलेल्या कोपऱ्यांतून निघालेले हार्मोनिक्स वर चढतात. ट्विटरचा वाटा त्याच्या कुवतीच्या कित्येक पट होतो, आणि तोही तासभर, श्वास घ्यायला न थांबता. कॉइल तापते, तिचा गोंद सुटतो, तार तुटते. आवाज "मवाळ" झाला तो असा.

मोठा अँप समजून वाजवला तर स्पीकर वाचतो. छोटा अँप पिळून वाजवला तर ट्विटर जातो. म्हणून अँपची खरी पॉवर स्पीकरच्या सहनशक्तीच्या जवळपास असावी, आणि ठोक्यांना जागा राहावी म्हणून नॉब टोकाच्या बराच अलीकडे थांबवावा.

५. मामांचं शास्त्र

दिवाळीत मी हे गणित कागदावर मांडून मामांना दाखवलं. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "आवाज फाटला की हात खाली. आम्हाला एवढंच शिकवलंय." चार पानांचं डेरिव्हेशन एका ओळीत!

मग त्यांनी त्यांच्या अँपची मागची बाजू दाखवली. तिथे ४, ८, १६ ओहम अशी टर्मिनल्स होती, आणि शेजारी ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. गल्लीभर भोंगे लावायचे तर शेकडो मीटर वायर लागते. कमी ओहमवर जास्त करंट, वायरमध्येच निम्मी पॉवर जायची. म्हणून अँपमध्ये व्होल्टेज वाढवतात आणि प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर लावून उतरवतात. महावितरणच्या लाईनचंच तत्त्व. १०० व्होल्टच्या लाईनवर १० वॅटचा टॅप म्हणजे १००० ओहम. असे कितीही पॅरलल करा, फक्त सगळ्या टॅपची बेरीज अँपच्या वॅटच्या आत ठेवा. मामा ही बेरीज बोटांवर करतात.

पण घरचा ८ ओहमचा स्पीकर चुकून त्या १०० व्होल्टला जोडला तर? १०० × १०० ÷ ८ = १२५० वॅटची मागणी. स्पीकर जाईल किंवा अँप, कोण आधी एवढाच प्रश्न. गॅदरिंगच्या वेळी मंडपवाल्यांच्या अँपला आपले स्पीकर जोडणाऱ्या उत्साही मंडळींनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

६. किरकोळ पण महत्त्वाचं

वायर : तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१७ ओहम. चालेल. पण पाव चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली तर ०.६९ ओहम, आणि ४ ओहमच्या स्पीकरला मिळणारी पॉवर सुमारे सत्तावीस टक्क्यांनी कमी होते. महागड्या केबलची गरज नाही, साधी जाड वायर घ्या.

पोलॅरिटी : दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस सारखे जोडा, नाहीतर बास गायब होतो. खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे आहे तोच स्पीकरचा प्लस.

डीसी : नवीन बोर्ड स्पीकरला जोडण्याआधी आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक. आयसी शॉर्ट असेल तर सगळे १६ व्होल्ट ६ ओहमच्या कॉइलवर येतात, म्हणजे ४२ वॅटची इस्त्री.

वेळ : ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. रेक्टर सरांना डेसिबल मीटर लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

शेवटचं

त्याच दिवाळीत मी खोकी उघडली. ट्विटरच्या सिरीजमध्ये कपॅसिटर असतो. तो डीसी अडवतो, त्यामुळे बाहेरच्या टर्मिनलवर मीटरला ट्विटर दिसतच नाही, फक्त वूफर दिसतो. दीड वर्षापूर्वीचे ते ६.३ आणि ६.४ वूफरचे होते. आता ट्विटरची एक तार सोडवून मोजलं. दोन्ही ओपन.

त्याच ओहमचे आणि जवळपास त्याच सेन्सिटिव्हिटीचे दोन ट्विटर आणून बसवले. अँप तोच ठेवला, बारा वॅटचा. नॉबवर, आवाज फाटायला लागतो त्याच्या बऱ्याच अलीकडे, ताईच्या नेलपॉलिशने एक लाल ठिपका काढला.

पहाटे अण्णांनी भजन लावलं. मी गोधडीत जागाच होतो. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले, "अगं, रेकॉर्डिंग बरंय की हे. टाळ आहेत त्यात."

दीड वर्ष ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून टाळांशिवाय भजन ऐकत होते. मी उठून त्यांना खरं काय झालं ते सांगितलं. अण्णा म्हणाले, "मग तेव्हाच उघडून बघायचं होतंस." व्हायवाला सरांनी दिले नसते एवढे मार्क त्या वाक्यात कापले गेले.

तर मित्रांनो, आधी ओहम बघा, मग जागा आणि डेसिबल, मग खरे वॅट. आणि कोणी विचारलं की टाळ कुठे गेले, तर मीटर टर्मिनलवर लावून मोकळे होऊ नका. खोकं उघडा.